तरी नागरिकांनी नोंद घ्यावी

पावसाळ्यात मुंबईच्या कोणत्याही लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस बिनचूक सांगू शकतो, की तुळशी भरला, विहार काठोकाठ आलाय, मोडकसागर वाहायला लागला, पण भातसा अजून मागे आहे. अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा यांची तो कधी गल्लत करत नाही. तानसा धरून सातही तलावांत मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर पाणी मावते, हा आकडा त्याने शेवटच्या तिनासकट वाचलेला असतो. यातला एखादा तलाव त्याने सहलीत पाहिला असेल तर असेल. त्याच माणसाला विचारावे, ‘उद्या तुमच्या बिल्डिंगमध्ये पाणी किती वाजता येणार?’ तो डब्यातल्या बंद पंख्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘वॉचमनला विचारायला पाहिजे.’ पुण्यात हाच संवाद टीएमसीत होतो. खडकवासला साखळीतली चार धरणे मिळून साधारण २९ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे पुणेकराला तोंडपाठ असते. त्यातले चार बादल्या पाणी आपल्या मोरीत कधी पडणार, याबद्दल मात्र तो नम्र असतो. एरवी ज्या गुणासाठी तो प्रसिद्ध नाही, तो इथे दिसतो.

यावरून महापालिका नागरिकांपासून माहिती लपवते असा निष्कर्ष कोणी काढला तर तो महापालिकेवर अन्याय होईल. महापालिका अखंड सांगत असते. प्रसिद्धिपत्रके काढते, वर्तमानपत्रांत निवेदने देते, फलक लावते, संकेतस्थळावर पीडीएफ चढवते, आणि तेवढ्याने भागले नाही तर शुद्धिपत्रक काढते. अडचण अशी, की हे सगळे सांगणे आपल्याला उद्देशून नसते. आपण ते चुकून वाचतो. सूचना ज्याच्यासाठी लिहिली जाते तो वाचक वेगळाच आहे आणि त्याला पाणी नको असते.

पुण्याचे गुरुवारच्या पाणीबंदीचे निवेदनच समोर घेऊ, कारण या साहित्यप्रकारातली ती अभिजात कृती आहे. सुरुवात जलकेंद्रांपासून होते: पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे. मग तिथे विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीची तातडीची कामे करायची आहेत, असे कळते. हे तातडीचे काम नेमके गुरुवारीच निघते; तातडीलाही पुण्यात साप्ताहिक वार आहे. मग येते भागांची यादी. ही यादी पत्त्यांच्या क्रमाने नसते, जमिनीखालच्या नळांच्या क्रमाने असते, त्यामुळे एकाच ओळीत एक पेठ, दोन सोसायट्या, एक टेकडी आणि एक उपनगर गुण्यागोविंदाने नांदतात. आपली गल्ली शोधत माणूस बोटाने ओळी खाली उतरवतो. शेजारची गल्ली सापडते, पलीकडचे मंगल कार्यालय सापडते, आणि मग ‘व परिसर, काही भाग, इत्यादी’ लागते. पुण्यातली सर्वांत दाट लोकवस्ती या ‘इत्यादी’त राहते. नंतर भविष्यकथन असते: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. उशिरा म्हणजे आठला की अकराला, कमी दाबाने म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत की फक्त तळमजल्यावरच्या कुंड्यांपर्यंत, हे वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोपवलेले असते. आणि शेवटी ती अजरामर विनंती, की नागरिकांनी याची नोंद घेऊन महापालिकेस सहकार्य करावे. नोंद घेता येते. सहकार्याचे काय करायचे ते समजत नाही. पाणीच नसताना ते न वापरण्याचे सहकार्य तर आपोआपच घडते.

आता हेच निवेदन दुसऱ्या डोळ्यांनी वाचावे. समजा शनिवारी कोणी खडसावून विचारले, ‘पाणी बंद केलेत, लोकांना कळवले होते का?’ अधिकारी कात्रण पुढे करतो. कोणत्या केंद्रावर काम होते? लिहिलेले आहे. कसले काम होते? विद्युत, पंपिंग आणि स्थापत्य, तिन्ही शक्यता आलेल्या आहेत. शुक्रवारी पाणी आलेच नाही अशी तक्रार आहे? ‘उशिरा’ असे म्हटले होते, किती ते म्हटले नव्हते. आमची गल्ली यादीत नव्हती? ‘परिसर’ होता. म्हणजे मघाशी जे जे आपल्याला अर्धवट वाटले ते सगळे इथे चिलखतासारखे घट्ट बसते. लेखापरीक्षक, न्यायालय आणि सभागृहात हात वर करणारा विरोधी नगरसेवक, हे या मजकुराचे खरे वाचक. आणि त्यांच्यासाठी तो एकही भोक न ठेवता लिहिलेला आहे. यात कुणा एका लेखनिकाचा खोडसाळपणा नाही. ज्या कार्यालयात न कळवल्याबद्दल जाब विचारला जातो, पण न कळल्याबद्दल कधीच विचारला जात नाही, तिथे कुणीही शहाणा माणूस असेच लिहील. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला, म्हणजे जाब विचारणारा तिसरा वाचक रजेवर गेला. तरी निवेदनाचा मसुदा बदलला नाही. सवय एकदा लागली की पाहुणे आले नाहीत तरी चहाचे आधण चढतेच. नागरिकाचे मात्र नुकसान झाले. पूर्वी नळ कोरडा पडला की नगरसेवकाला फोन लावायची सोय होती, ती व्यक्ती त्या काळात ‘माजी’ झाली. वाढदिवसाचे फ्लेक्स तेवढे चालू राहिले.

कुणी म्हणेल, सरकारी कामात कायद्याने बांधलेले असते, कारकुनाने काय करावे? कायदा बघितला तर धक्का बसतो, कारण कायदा याहून बराच माणसाळलेला आहे. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांचा कारभार ज्या १९४९च्या अधिनियमावर चालतो त्यात जाहीर सूचना कशी द्यायची ते लिहिले आहे. ज्या भागावर परिणाम होणार त्या भागात ती सर्वांना कळेल अशी द्यायची. तिथल्या ठळक जागी चिकटवून, दवंडी पिटून किंवा स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, आणि यातले दोन-तीन मार्ग एकदम वापरले तरी हरकत नाही. दवंडी! पाणी बंदचे निवेदन या कलमात बसते की नाही, यावर वकील मंडळी खुशाल भांडोत. पण सूचना परिणाम होणाऱ्या माणसाच्या कानावर गेली पाहिजे, हे कायदा करणाऱ्याला पंचाहत्तर वर्षांपूर्वी सुचले होते. त्याने मार्ग निवडायची मुभा दिली आणि कार्यालयांनी त्यातला जागेवरून न उठता करता येण्याजोगा मार्ग निवडला. चिकटवण्याचा मार्गही अगदीच सोडलेला नाही. क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्याखाली काचेची चपटी पेटी असते. तिला कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब ‘साइटवर’ असतात. आत पिवळी पडलेली सेवाज्येष्ठता यादी, श्वान निर्बीजीकरणाची निविदा आणि त्यांच्यावर कोपरा दुमडून बसलेली कसली तरी अंतिम मुदत. मुदतीची तारीख नेमकी त्या दुमडीखाली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोक वाचतच नाहीत, मग चांगले लिहून उपयोग काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मुंबईतला भरतीचा तक्ता पाहावा. जून ते सप्टेंबरमध्ये कोणत्या दिवशी किती वाजता साडेचार मीटरपेक्षा उंच भरती येणार, याची यादी पावसाळ्याआधी निघते. दिवस, वेळ, उंची, बस्स. विशेषणे नाहीत, सहकार्याची विनंती नाही. लोक ती कापून ठेवतात, मोबाइलवर एकमेकांना धाडतात, लग्नाची तारीख धरतानासुद्धा तिच्यावर नजर टाकतात. हा नेमकेपणा महापालिकेला कुठून आला? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडाले, आणि त्यानंतर कुठे किती पाऊस झाला हे ताबडतोब कळले पाहिजे, असे सगळ्यांनाच वाटू लागले. ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक लोकांच्या तोंडी बसला. म्हणजे जमते. फक्त त्यासाठी शहर गळ्यापर्यंत पाण्यात जावे लागते. घोट्यापर्यंतच्या पाण्यासाठी ‘काही सखल भागांत’ एवढेच मिळते. मालमत्ता कराचेही तसेच. पुण्यात ठरलेल्या तारखेपर्यंत कर भरला तर सूट मिळते हे लोकांना पक्के ठाऊक असते आणि त्या दिवशी रांगा लागतात. तारीख एक, फायदा स्पष्ट, करायचे काय तेही स्पष्ट. अर्थात इथे पैसे महापालिकेकडे यायचे असतात, हा निव्वळ योगायोग.

पैसे उलट दिशेने जायचे असले की भाषा कशी गढूळ होते, हे पाहायला त्याच कराची दुसरी बाजू पुरे. पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला १९७० पासून ४० टक्क्यांची सवलत होती. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत थांबली, आणि बऱ्याच ओरड्यानंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. पण पुन्हा सुरू झाली म्हणजे आपोआप मिळाली असे नव्हे. ज्यांची गेली होती त्यांनी आणि मधल्या काळात ज्यांची नव्याने आकारणी झाली त्यांनी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरायचा आणि आपण आपल्याच घरात राहतो याचे पुरावे जोडायचे. वर्षानुवर्षे बिल ज्या पत्त्यावर येते आणि ज्या पत्त्यावरून भरले जाते, त्या पत्त्यावर माणूस राहतो की काय अशी शंका महापालिकेला होती. बातमीच्या मथळ्यात आले, ‘सवलत कायम’. लोकांनी मथळा वाचला, सुस्कारा टाकला आणि घडी घालून पेपर रद्दीत ठेवला. अर्जाचे अक्षर बारीक होते. मग मुदत वाढवावी लागली, आणि मुदतवाढीची प्रसिद्धिपत्रके पुन्हा त्याच चालीत निघाली. आपल्या अर्जाची गरज आहे की नाही, हे बहुतेकांना शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून कळले, आणि सेक्रेटरीला एखाद्या उत्साही निवृत्त बँकवाल्याकडून. शहराच्या खऱ्या माहिती कार्यालयात एकूण माणसे तीन: हा बँकवाला, वॉचमन आणि पाणी सोडणारा वॉलमन. पगार महापालिकेचा, तो फक्त तिसऱ्याला.

सोयींचे नुकसान याहून मोठे आहे. पाणी बंद झाले हे न वाचताही नळ सांगतो. पण एखादी सोय आहे हे कोण सांगणार? मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून वस्तीवस्तीत ‘आपला दवाखाना’ उघडत गेला, तिथे तपासणी आणि औषधे फुकट. त्याची जाहिरात झाली नाही असे नाही. पण त्या जाहिरातीत दवाखाना किती फोटोंखाली दबला होता ते आठवावे. पत्ता सर्वांत लहान अक्षरांत. पुण्यात २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कोणत्याही नागरिकाने महापालिकेत जावे आणि फायली उघडून पाहाव्यात, अशी सोय सुरू झाली. माहिती अधिकाराचा अर्ज नको, तीस दिवसांची वाट नको. २०१८ मध्ये राज्य शासनाने ती बाकी ठिकाणीही लागू करायला सांगितले. इतका मोठा अधिकार आणि त्याचा उपयोग करणारे ठरावीक चेहरे. दुपारी ३ ते ५ ही वेळ पुणेकराला कशासाठी लागते हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात सुज्ञ नियोजन दिसेल, पण मला तसे वाटत नाही. झोप मोडूनही माणूस जातो, आधी कोणीतरी त्याला सांगायला हवे.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो घेणारे अभियंते मनापासून घेतात. जलवाहिन्या जुन्या, नकाशे अपुरे, उतार वाकडेतिकडे. टाकी किती वेळात भरेल ते वीज सांगेल. अशा स्थितीत तुमच्या गल्लीत किती वाजता पाणी येईल हे छातीठोक सांगता येत नाही. पटण्यासारखे आहे. चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना पुण्यात इतकी वर्षे चालू आहे ती याच गुंत्यामुळे. पण मग वॉलमनला कसे कळते? काठीएवढी लांब चावी खांद्यावर टाकून तो येतो, रस्त्यातले झाकण उघडतो, चावीला साडेतीन आटे देतो आणि निर्विकारपणे सांगतो, ‘पावणेसातला येईल, आधी हवा येईल, मोटर लावू नका.’ आणि पावणेसातला येते. कोणत्या गल्लीला उतार आहे, कुणाच्या बेकायदा मोटरीमुळे पुढचा नळ गुरगुरतो, शुक्रवारचे ‘उशिरा’ म्हणजे घड्याळात किती, हे सगळे त्याला ठाऊक असते. माहिती महापालिकेकडे नाही असे म्हणता येत नाही. ती महापालिकेच्याच खांद्यावर चावी टाकून फिरते आहे. फक्त तिला निवेदनात जायला वाट नाही. चावीवाल्याने कनिष्ठ अभियंत्याला सांगायचे, त्याने उपअभियंत्याला, तिथून कार्यकारी, अधीक्षक, मुख्य, आणि मग जनसंपर्क. प्रत्येक पायरीवर एकेक आकडा गळतो आणि त्याच्या जागी एकेक क्रियाविशेषण बसते. पावणेसातचे ‘उशिरा’ होते ते असे.

तिसरा आक्षेप तरुण अधिकाऱ्यांचा: आता अॅप आले, समाजमाध्यमे आली, जुने रडगाणे कशाला? अॅप चांगलेच असते. तक्रार केली की क्षणात तक्रार क्रमांक येतो, इतका लांब की त्यात शहराची लोकसंख्या मावावी. काही दिवसांनी तक्रारीचे निराकरण झाल्याचा संदेश येतो. ज्या खड्ड्याचे निराकरण झाले त्या खड्ड्याला हे कळवलेले नसते. अॅपने वेग वाढवला, वाचक बदलला नाही. पूर्वी कागद फायलीसाठी लिहिला जात असे, आता संदेश डॅशबोर्डसाठी पाठवला जातो. त्यातच मुंबईत आधी आपला वॉर्ड कळावा लागतो. वॉर्डांना इंग्रजी अक्षरे आहेत: ए, बी, सी अशी टी पर्यंत; पण आय, जे, ओ आणि क्यू गायब, आणि उरलेल्यांतल्या कित्येकांची उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम अशी वाटणी झालेली. दादरचा माणूस स्वतःला दादरचा समजून जगतो. गटार तुंबल्यावर त्याला कळते की आपण जी उत्तर आहोत, आणि रुळांच्या पलीकडे राहणारा मेव्हणा कदाचित एफमध्ये असेल.

मग भाषेवर ढकलून बघतात. सरकारी मराठी बोजड आहे, तिला सोपे लिहिता येत नाही, असे म्हणतात. ही सबब तर पुण्यात अजिबात टिकत नाही. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ या एका पाटीत कुठे, काय केल्यास आणि पुढे काय होईल, हे तिन्ही आले. ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही’ यात तर कारणसुद्धा आले. ही पाटी लावणारा गृहस्थ दहा वाजता कार्यालयात जाऊन टेबलाशी बसतो आणि ‘काही तांत्रिक कारणास्तव काही भागांत’ लिहितो. दोन्ही लिखाणांत फरक इतकाच, की पाटी वाचली गेली नाही तर त्याच्या दारात गाडी उभी राहते.

महापालिकेचा एकच संदेश आबालवृद्धांना कळतो, तो म्हणजे घंटागाडीचा. नाशिकने ती नावारूपाला आणली आणि मग गावोगावी पसरली. ती दारात येते, वेळच्या वेळी येते, आणि काय करायचे ते घंटा ऐकताच कळते. घंटा ऐकून कुणी ‘हे माझ्यासाठी आहे की परिसरासाठी’ असा विचार करत बसत नाही. डबा घेऊन धावतो. १९४९च्या दवंडीची ही खरी वारस. तेव्हा सूचना लिहायचे काम जनसंपर्क विभागाकडून काढून वॉलमनकडे द्यावे आणि घंटागाडीतून ती वाचून दाखवावी, ही माझी सूचना आहे. मजकूर साधारण असा होईल: ‘बुधवारी रात्री भरून ठेवा. गुरुवारी येणार नाही. शुक्रवारी साडेनऊनंतर, वरच्या आळीला अकरा. पहिल्या दोन बादल्या गढूळ, त्या झाडांना घाला.’

सूचना मंजूर व्हायला अडचण येणार नाही. मसुदा अभिप्रायासाठी विभागांकडे जाईल. विधी विभाग ‘गढूळ’ शब्दावर लाल रेघ मारेल, कारण ती कबुली होते. पाणीपुरवठा विभाग साडेनऊच्या जागी ‘सकाळी’ सुचवेल. उद्यान विभाग झाडांना घालायच्या पाण्याबाबत स्वतंत्र धोरण आहे असे कळवेल, आणि घनकचरा विभाग विचारेल, की पाण्याची माहिती कचऱ्याच्या गाडीतून नेण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षावर टाकायचा. वॉलमनला मसुद्याची प्रत माहितीसाठी दिली जाईल. ती तो वाचणार नाही. गुरुवारी त्याला काम असते.